हौदामागचा जोड

१

सोमवारी सकाळी सव्वानऊ वाजता सावद्याजवळच्या एका केळी पॅकिंग शेडमध्ये पुनमने हौदात हात घातला, आणि तो तिने पुन्हा बाहेर काढला नाही.

स्टीलचा तो हौद कमरेएवढा उंच. घडापासून कापलेल्या फण्या त्यात टाकायच्या, चीक धुऊन निघाला की पलीकडच्या बायकांनी त्या उचलून खोक्यांत भरायच्या. पुनम अशी वाकून उभी राहिली की समोरच्या रोशनीला वाटलं, हिची सुरी पाण्यात पडली असेल, ती शोधतेय. तिने हाक मारली. पुनम बोलली नाही. दुसऱ्या हाकेला रोशनीला तिचे डोळे दिसले आणि ती किंचाळली. पुनमचा नवरा सुकलाल शेडचा मुकादम. त्याने धावत जाऊन मेन स्विच खाली ओढला, तेव्हा कुठे पुनम हौदाच्या कडेवरून घसरून खाली पडली. वय सव्वीस. घरी पाच वर्षांची मुलगी.

पोलिसांना कारण शोधायला वेळ लागला नाही. हौदातल्या पंपाची केबल मागच्या बाजूने वर गेली होती, त्या केबलला हौदाच्या पत्र्याला टेकून एक जोड होता, आणि जोडाच्या काळ्या टेपमधून तांब्याची बारीक तार बाहेर आली होती. तारेचं टोक थेट पत्र्याला लागलेलं. शेडची वायरिंग आठ महिन्यांपूर्वी नवल नावाच्या वायरमनने केली होती. दुपारपर्यंत नवल पोलीस ठाण्यात होता.

तिसऱ्या दिवशी जळगावहून विद्युत निरीक्षक कार्यालयातली ललिता बागुल आली. विजेने माणूस दगावला की हा तपास तिच्याकडे यायचा. धुळ्याला आयटीआय केलेली, मग रात्रंदिवस अभ्यास करून इंजिनिअर झालेली ही बाई. नोकरीची सतरा वर्षं झाली, असे मृत्यू किती पाहिले याचा हिशोब तिने कधी ठेवला नाही. तरी सील उघडून शेडमध्ये पाय टाकला आणि हौदाच्या कडेला अडकलेली हिरव्या बांगडीची काच दिसली, तेव्हा ती क्षणभर जागीच थांबली.

शेडचे मालक जगदीश चौधरी मागेमागे होते. "मॅडम, यात बघण्यासारखं काय आहे? वायरमनचा हलगर्जीपणा. मी तर त्या दिवशी धुळ्यात होतो, भाचीच्या साखरपुड्याला."

"बघते ना," ललिता म्हणाली.

ती आधी भिंतीवरच्या पेटीकडे गेली. पेटीला कुलूप होतं. सुकलालने कमरेची किल्ली काढून ते उघडलं. बत्तीस-तेहतीस वर्षांचा उंच माणूस, दाढी वाढलेली, नजर कुठेच न ठरणारी. आत ईएलसीबी होता, म्हणजे गळती पकडणारा ब्रेकर. जेवढा करंट गेला तेवढाच परत यायला हवा. थोडासा जरी कुणाच्या अंगातून जमिनीत गेला, तरी डोळ्याची पापणी लवायच्या आत हा ब्रेकर पडतो.

ललिताने टेस्टचं बटण दाबलं. खट्. ब्रेकर पडला. तिने स्वतःच्या यंत्राने तीनदा तपासलं. तिन्ही वेळा पडला. मग सगळ्यांना शेडबाहेर काढून तिने हौदातला पंप चालू केला. पंप गुरगुरायच्या आधीच, खट्.

पंपात पाणी शिरलं होतं, तो करंट सोडत होता, आणि ब्रेकर ते ओळखत होता.

 ब्रेकर ठणठणीत होता. मग सोमवारी तो का पडला नाही?

२

पोलीस ठाण्यात नवल भिंतीला टेकून बसला होता. ललिताने जोडाचा फोटो त्याच्यासमोर धरला.

"हा जोड माझा नाही," तो म्हणाला. तीन दिवस तेच सांगून त्याचा आवाज बसला होता. "कुणी ऐकतच नाही. मॅडम, मी पाण्याजवळ टेप लावतच नाही. टेप मला आवडत नाही. आज चिकटते, उन्हाळ्यात तिचा डिंक पाझरतो, वर्षाने उकलते. मी तारेच्या टोकाला तांब्याचा लग दाबतो, बंद डबीत स्क्रूखाली घेतो, डबीची तोंडं रबराने आवळतो. शेडमधल्या बाकी डब्या उघडून बघा."

"बघितल्या. सगळ्या तशाच आहेत."

नवलने मान वर केली. इतक्या दिवसांत त्याचं खरं मानणारं हे पहिलंच माणूस.

"मग हा कुणाचा?" तिने विचारलं. "नीट बघा. जोडावरून माणूस ओळखू येतो, तुम्हाला माहीत आहे."

हे तिने उगाच म्हटलं नव्हतं. तिच्या कामात हे रोज दिसायचं. कुणी दोन तारा समोरासमोर धरून पिळतो, कुणी शेजारी धरून शेपटीसारखा पीळ देतो. कुणी आधी पातळ तारांची टोकं पंख्यासारखी फाकवून एकमेकींत घालतो आणि मग गुंडाळतो. कुणी टेपचं शेवटचं टोक दुमडून ठेवतो, पुढच्या माणसाला सोडवायला सोपं जावं म्हणून. कुणी ते दातांनी तोडून मोकळा होतो. आणि एकदा लागलेली सवय चाळीस वर्षं जात नाही.

नवलने फोटो डोळ्यांजवळ नेला. "तिन्ही जोड एका जागी नाहीत, मागेपुढे घेतलेत. एकमेकांना लागू नयेत म्हणून. आणि टेपच्या कडेला हे काळं दिसतंय ते रबर आहे. सायकलच्या ट्यूबची पट्टी." त्याने फोटो खाली ठेवला. "हे बोअरवाल्यांचं काम, मॅडम. दोनशे फूट पाण्याखाली जो जोड सोडायचा, तो असा मारतात. या भागात इतका साफ हात एकाचाच. जीवराम नाना. पण नाना असं तार बाहेर ठेवणार नाहीत. शक्यच नाही."

नानांकडे जाण्याआधी ललिता शेडवर परत गेली. बायका बाहेर निंबाखाली बसल्या होत्या. तिने एकेकीला तोच प्रश्न विचारला, ती बाहेर आलेली तार आधी कुणाला दिसली? सगळ्यांचं उत्तर एक होतं. पोलीस आल्यावर मुकादमाने दाखवली.

सुकलाल रिकाम्या क्रेटच्या थप्पीला टेकून उभा होता. प्रत्येक क्रेटला मालाच्या नावाची चिठ्ठी तांबूस तारेने बांधलेली. त्याची मुलगी आजीच्या मांडीवर होती. आजी म्हणजे पुनमची आई मंजुळाबाई, शिरपूरकडच्या डोंगराखालच्या गावातून आलेली. रडून संपलेली ती म्हातारी ललिताकडे बघत राहिली.

"बेन," ती म्हणाली, "मन्ही पोर विजेले भारी भ्याये. घरना दिवा लावालेबी जवाईले सांगे. मंग ती का बरं मरनी?"



३

जीवराम नाना मूळचे भडगावचे, गिरणाकाठचे. लग्नानंतर इकडे आले आणि तीस वर्षं बोअरचे पंप काढण्या-सोडण्यात घालवली. रावेरपासून सावद्यापर्यंत केळीच्या बागा ज्या पाण्यावर उभ्या, त्यातल्या निम्म्या पंपांचे जोड नानांनी मारलेले, असं लोक सांगायचे. ललिता घरी पोहोचली तेव्हा नाना ओसरीवर खाटेवर बसले होते.

तिने जोडाचा फोटो दाखवला. नानांनी तो डाव्या हाताने घेतला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"जोड माझाच दिसतो," ते हळू आवाजात म्हणाले. "ट्यूबची पट्टी खालून वर, मग टेप अर्ध्यावर अर्धी चढवत. टोक दुमडलेलं. माझाच."

"तुम्ही शेडवर कधी गेला होता, नाना?"

नानांनी फोटो तिला परत दिला. ललिताने खिशातून वायरचे दोन तुकडे काढून खाटेवर ठेवले. "मला एक जोड मारून दाखवता?"

नाना त्या तुकड्यांकडे बघत राहिले. मग त्यांनी डाव्या हाताने आपला उजवा हात उचलला आणि मांडीवरून उतरवून खाटेवर ठेवला. एखादी वस्तू ठेवावी तसा. बोटं वाकडी होऊन तळव्यात रुतली होती.

ललिताला धक्का बसला. "कधीपासून?"

"दोन वर्षं झाली. लकवा."

"पण तुमची कामं तर चालू आहेत. मागच्या महिन्यातच तुम्ही—"

"हां, कामं चालू शेत," नाना म्हणाले आणि त्यांनी मान खाली घातली.

दाराआडून पावलांचा आवाज आला. बाहेर आली ती नानांची लेक रोशनी, पुनमच्या समोर उभी असलेली, पहिली किंचाळी मारलेली रोशनी. तीन दिवसांत तिने वेणी घातली नव्हती. ओठ कोरडे पडले होते.

"नानांना काही विचारू नका," ती म्हणाली. "दोन वर्षांपासून त्यांचे सगळे जोड मी मारते. ते शेजारी बसून सांगतात, लोकांना वाटतं त्यांनीच मारले. बाईच्या हाताचा जोड बोअरमध्ये कोण सोडील? शेडमधला पंप तीन आठवड्यांपूर्वी रिवाइंडिंग होऊन, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळून आला, त्याची वायर अपुरी होती. नवलभाऊ गावाला गेलेले. मुकादम म्हणाला, तू लाव. मी लावला."

तिने दाराची चौकट घट्ट धरली.

"पुनम माझ्या डब्यातलं खायची, मॅडम. मीच मारलं तिला. तो जोड माझा आहे."

४

रोशनीने तीन दिवस काही खाल्लं नव्हतं. ललिताने तिला आधी पाणी प्यायला लावलं आणि मग गाडीत घालून शेडवर नेलं. फौजदारही आले. पंचांसमोर जोड केबलसकट कापून काढला आणि टेबलावर ठेवला.

"उघडण्याआधी एक मोजू," ललिता म्हणाली. तिने इन्सुलेशन मोजायचं यंत्र काढलं, ज्याला सगळे मेगर म्हणतात. एक टोक केबलच्या आतल्या तांब्याला, दुसरं त्या बाहेर आलेल्या तारेला. तार खरंच आतून आली असेल, तर काटा शून्यावर यायला हवा.

काटा हललाच नाही. फौजदारांनी पुढे वाकून बघितलं. ललिताने पुन्हा मोजलं. तेच.

"आता उघड," ती रोशनीला म्हणाली. "तूच उघड. तुझा जोड तुला माहीत आहे."

टेपचं दुमडलेलं टोक रोशनीच्या बोटांना लगेच सापडलं. टेपचा एक थर निघाला, दुसरा निघाला. खाली सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळलेली, कुठे सुरकुती नाही. पट्टी निघाली. आतले तीन जोड मागेपुढे, प्रत्येकावर स्वतःचं वेष्टन, तांब्याची एकही काडी बाहेर नाही. कोरडे खणखणीत. पाण्याजवळच्या शेडमध्ये असा जोड नियमात बसत नाही, हे ललिताने वहीत लिहिलं. पण तीन आठवडे हौदाच्या ओलीत राहूनही आत थेंब शिरला नव्हता, हेही लिहिलं.

आणि ती तार? ती जोडाला लागलेलीच नव्हती. टेपच्या पहिल्या थराखाली दीड-दोन सेंटिमीटर शिरली होती आणि तिथेच संपली होती. सुईसारखी बाहेरून खुपसलेली.

ललिताने ती चिमट्यात धरून उजेडात नेली. मग नखाने घासली. तांबूस पापुद्रा निघाला आणि खालून वेगळाच, लखलखीत रंग दिसला.

"हिच्यावर लाख आहे," ती म्हणाली. "मोटरच्या आत गुंडाळतात ती वाइंडिंगची तार. दिसते उघड्या तांब्यासारखी, पण सगळ्या अंगाला लाखेचं वेष्टन असतं. फौजदारसाहेब, या तारेने पुनम मेली असं आपण तीन दिवस म्हणतोय. ही तार कुणाला मारूच शकत नाही."

रोशनी आधी नुसती बघत राहिली. मग ती खाली बसली, तोंडावर पदर दाबला, आणि तिच्या घशातून असा आवाज निघाला की बाहेरच्या बायका दारात आल्या.

"तुझा जोड चांगला आहे," ललिता तिच्याजवळ बसून म्हणाली. "ऐकलंस? तुझ्या जोडात काही खोट नाही."

फौजदारांचा चेहरा पांढरा पडला होता. "म्हणजे ही कुणीतरी नंतर घातली? बाई मेल्यावर?"

"मेल्यावर. आणि आता मला सांगा, या भागात वाइंडिंगची तार कुणाकडे असते?"

रोशनीनेच उत्तर दिलं. "झुलालभाऊंकडे. आपला पंप त्यांनीच रिवाइंड केला होता."

५

झुलालचं दुकान बसस्थानकामागे. उघडलेल्या मोटरी, तांबूस तारेची रिळं, वार्निशचा वास. पुनमच्या शेडचा पंप त्याने तीन आठवड्यांपूर्वी रिवाइंड करून दिला होता आणि तोच पंप करंट सोडत होता, हे ललिताने सांगितलं तसा तो स्टुलावरून उठला.

"सील बदलायला सांगितलं होतं मी," तो म्हणाला. "चौधरींनी जुनंच बसवायला लावलं. पाणी शिरलं असणार. चूक माझीही आहे, मी पंप द्यायलाच नको होता. लिहून घ्या."

मग ललिताने ती तार त्याच्यासमोर ठेवली. फौजदार दारात उभे होते. झुलालने तार उचलली, भिंगाखाली धरली आणि त्याला सगळं कळलं. त्याच्या कपाळावर घाम आला.

"तार माझ्याच दुकानातली आहे. नाही म्हणत नाही." त्याने तार खाली ठेवली. "पण मॅडम, वीस वर्षं मी ही तार हाताळतो. जोडायच्या आधी ब्लेडने लाख खरवडायची, ही माझ्या हाताची सवय आहे, झोपेतही करीन. कुणाला फसवायला मी तार ठेवली असती, तर खरवडून नसती का ठेवली?"

 हे ललिताच्या मनातही आलं होतं, पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर ते नीट दिसलं. नवलने ठेवली असती तर केबलचीच एक काडी ओढून काढली असती. रोशनीनेही. झुलालने खरवडली असती. विजेचं काम करणारा कोणताही माणूस लाखेची तार ठेवून लोकांना शॉक दाखवायला जाणार नाही. ही ठेवली ती अशा माणसाने, ज्याला तांबूस दिसलं की ते उघडं तांबंच वाटतं.

आपण तीन दिवस वायरमनच्या मागे होतो, आणि हे काम वायरमनचं नव्हतंच.

"तुमच्या दुकानातून ही तार आणखी कुठे जाते?"

"जुन्या मोटरीतून निघालेले तुकडे मी देऊन टाकतो, कुणी मागितले तर. शेडवालेच नेतात. क्रेटला चिठ्ठ्या बांधायला."

ललिता जवळजवळ धावतच गाडीत बसली.

शेडवर पोहोचल्यावर तिने भिंतीवरची पेटी पुन्हा उघडायला लावली. सकाळी तिने ब्रेकर समोरून तपासला होता. त्याच्या आजूबाजूची झाकणपट्टी चार स्क्रूंनी बसवलेली होती, ती तिने काढली नव्हती. आपली ही चूक तिला आता टोचली. तिने स्क्रू काढले, पट्टी बाजूला केली, आत टॉर्च मारला.

ब्रेकरकडे येणाऱ्या दोन तारा, निघणाऱ्या दोन तारा. चारही तारांवर मधेच, बोटाच्या पेराएवढ्या लांबीत, वरचं प्लास्टिक सोललेलं होतं.

कुणीतरी ब्रेकरला वळसा घालून तारा थेट जोडल्या होत्या. करंट ब्रेकरमधून जातच नव्हता. ब्रेकर पडलाही असता, तरी पंप चालूच राहिला असता. आणि नंतर ते सगळं काढून टाकलं होतं.

तिने भिंग लावलं. वायरमन प्लास्टिक सोलतो ते स्ट्रिपरने नाहीतर ब्लेडने, कड सरळ येते. इथे कड तिरकी होती, खोल चिरलेली, आणि चिरेत काळपट तपकिरी रेष सुकली होती. केळीचा चीक. फण्या कापायच्या सुरीवरचा.

खाली, तारांच्या मागे, निळ्या प्लास्टिकची एक चिंधी अडकली होती. बागेत घडांवर चढवतात त्या पातळ पिशवीची. टेप नव्हती म्हणून कुणीतरी जोडाला ती गुंडाळली होती.

ललिताने टॉर्च बंद केला. पेटीची किल्ली एकाच माणसाच्या कमरेला होती. 

६

तिने रोशनीला बाजूला नेलं. "पुनमला दवाखान्यात कुणी नेलं?"

"आम्ही. जीपमधून. मी आणि दोघीजणी."

"सुकलाल?"

"मुकादम नंतर आला. दहा-पंधरा मिनिटांनी, मोटरसायकलवर." रोशनी एवढं बोलली आणि आपल्याच शब्दांनी थबकली. "आम्हाला वाटलं, त्याला सुचत नसेल."

सुकलाल हौदाजवळ उभा होता. ललिताने त्याच्यापुढे लाखेची तार ठेवली, चिठ्ठी बांधलेली क्रेटची तार ठेवली आणि निळी चिंधी ठेवली.

"बायको जीपमध्ये, आणि तुम्ही मागे राहिलात," ती म्हणाली. "पेटी उघडून तारा काढल्या. मग हौदामागे जाऊन जोडात ही खुपसली. सुकलालभाऊ, का?"

तो नाकारेल, ओरडेल, अशी तिची तयारी होती. फौजदार पुढे सरकले होते. पण सुकलाल त्या चिंधीकडे बघत हळूहळू खाली बसला.

"बायका कामाला यायच्या आधीच नऊ वेळा पडला होता तो ब्रेकर," तो म्हणाला. "चढवला की पडायचा. गाडी दिल्लीची, उभी. शेठचा फोनवर फोन. म्हणाले, गाडी भरल्याशिवाय काम थांबलं तर उद्यापासून येऊ नको. मी सांगितलं ब्रेकर पडतो. म्हणाले, मग ब्रेकर काढ मधून."

जगदीश चौधरी दारातून ओरडले, "मी फक्त गाडी भर म्हटलं!"

कुणी तिकडे पाहिलं नाही.

"मेन बंद केला, तारा सोलल्या, थेट जोडल्या. टेप नव्हती." सुकलालने चिंधीकडे बोट केलं. "पिशवीची पट्टी पुनमनेच फाडून दिली मला. टॉर्चही तिनेच धरला होता. विचारलं, काही व्हनार नही ना? मी म्हटलं, मी शे ना."

 रोशनीने त्याच्याकडे पाठ फिरवली.

"अर्ध्या तासाने ती—"  मग तो म्हणाला, "ती गेलीय हे मला कळलं होतं. जीपमध्ये चढवतानाच कळलं. डोक्यात एकच आलं. पोरीला मोठेपणी कोण सांगेल? तुझ्या बापाने तुझ्या आईला मारलं, असं? कुणीतरी दुसरा पाहिजे होता, मॅडम. कोण, ते मी ठरवलं नव्हतं. क्रेटची तार हाताशी होती."

"नवलला पोलिसांनी नेलं तेव्हा?"

"तेव्हा बोलायला पाहिजे होतं," तो म्हणाला. "रोज सकाळी ठरवायचो. जमलं नाही."

ललिताने वही उघडली.  ब्रेकरला वळसा देणारा, पुरावा बदलणारा, सुकलाल. तसा हुकूम देणारा आणि करंट सोडणारा पंप चालू ठेवायला लावणारा, जगदीश चौधरी. फौजदारांनी चौधरींचा फोन मागून घेतला. सोमवारी सकाळच्या दोन तासांत सुकलालला त्यावरून अकरा फोन गेले होते. चौधरींनी पहिल्यांदाच हौदाकडे नजर टाकली.

नवलला संध्याकाळच्या आत सोडतो, असं फौजदार म्हणाले. ते सांगताना त्यांना ललिताच्या डोळ्यांत बघता आलं नाही.

७

पोलिसांच्या गाडीत बसायच्या आधी सुकलालने एकच मागणं मागितलं. सासूला हे आपल्या तोंडून सांगू द्यावं.

फौजदारांनी ललिताकडे पाहिलं. तिने मान डोलावली.

मंजुळाबाई निंबाखाली होती. नात खेळत खेळत दूर बायकांकडे गेलेली. सुकलाल समोर जाऊन जमिनीवर बसला. काय बोलला ते ललिताला ऐकू आलं नाही, ती दहा पावलांवर उभी होती. दिसलं ते एवढंच, की म्हातारीचा हात आधी त्याच्या खांद्याकडे गेला, जावयाला धीर द्यायला. मग तो अधांतरी थांबला. मग हळूहळू खाली आला.

ललिताला वाटलं, म्हातारी आता त्याला मारेल, शिव्या देईल, माती उधळेल. तसं काही झालं नाही. मंजुळाबाई त्याच्याकडे बघत राहिली, जणू हा माणूस कोण, हे तिला ओळखता येत नव्हतं. बोलली तेव्हा तिचा आवाज सरळ होता आणि तो सगळ्यांना ऐकू आला.

"वरडनी का ती?"

सुकलालने मान हलवली. "नही."

"एक हाकबी नही?"

"नही. वरडताच येत नही तेव्हा. अंग आखडी जास."

मंजुळाबाईने डोळे मिटले. क्षणभर वाटलं ती कोसळणार. ललिता पुढे झाली, पण म्हातारीने हात वर करून तिला थांबवलं. डोळे उघडले, आणि जावयाला म्हणाली,

"मंग तू तरी वरड."

तो तिच्याकडे बघत राहिला. त्याचं तोंड उघडलं, मिटलं. तीन दिवसांत त्याला रडताना कुणीच पाहिलं नव्हतं, हे ललिताच्या त्या क्षणी लक्षात आलं. मग त्याने कपाळ मातीवर टेकवलं आणि ओरडला. शब्द नव्हता त्यात, नावही नव्हतं. शेडच्या दारातल्या बायका धावत आल्या आणि निंबापाशी येऊन थबकल्या. रस्त्यावरून जाणारा केळीचा ट्रॅक्टर थांबला.

रोशनीने धावत जाऊन पाच वर्षांच्या त्या पोरीला उचललं आणि तिचे दोन्ही कान आपल्या तळव्यांनी घट्ट झाकले.